सहा बोटांचे मांजर

आमच्या लोणारच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. रोज सर्वांच्या आधी येतात. पाटी पुसतात, कंदिलाची काच पुसावी तशी लख्ख. पण एके दिवशी त्या उशिरा आल्या. पाटी मांडीवर तशीच राहिली.

आम्ही विचारले, "मावशी, आज लक्ष कुठे आहे?"

मावशी म्हणाल्या, "गुर्जी, आमच्या मांजरीले चार पिल्लं झाली. तीन चांगली हायेत. एक मात्र आगळंच हाय. त्याच्या पुढच्या पायाले सहा-सहा बोटं हायेत. शेजारीण म्हन्ते, हे अवलक्षणी हाय, घरात ठेवू नका. सासूबाई म्हन्तात, मांजर मारलं तं काशीले सोन्याचं मांजर द्यावं लागते. म्हणून मारायचं नाई, पोत्यात घालून वेशीबाहेर सोडून यायचं. उद्या सकाळी पोरगा नेणार हाय. तुमी काय म्हन्ता?"

आम्ही म्हटले, "उद्या सकाळी ना? मग आजची रात्र आपल्या हातात आहे. जा, टोपलीत घालून मांजर आणि ते पिल्लू घेऊन या. आज आपण धड्याऐवजी पिल्लूच वाचू."

आधी मोजू, मग बोलू

मावशी टोपली घेऊन आल्या. सगळे भोवती बसले. आम्ही विचारले, "मांजराला बोटे किती असतात?"

कोणी म्हणाले सोळा. कोणी म्हणाले वीस, कारण माणसाला वीस असतात. जन्मभर ज्यांच्या घरात मांजर आहे, त्यांनाही नक्की सांगता येईना. रोज पाहतो, पण मोजत नाही.

मग आम्ही आईमांजरीची बोटे मोजली. पुढच्या एका पायाला पाच. त्यांतील चार जमिनीला टेकतात. पाचवे म्हणजे अंगठा. तो थोडा वर, आतल्या बाजूला असतो. मागच्या पायाला मात्र चारच. मावशींनी पाटीवर हिशेब मांडला :

५ + ५ + ४ + ४ = १८

मांजराला अठरा बोटे असतात. आता पिल्लाचा पंजा पाहिला. अंगठ्याच्या बाजूलाच आणखी एक बोट होते. त्याला नखही होते. पंजा हातमोजा घातल्यासारखा रुंद दिसत होता. पुन्हा हिशेब मांडला :

६ + ६ + ४ + ४ = २०

एक आजोबा हसून म्हणाले, "वीस! म्हंजे हे तं आपल्याइतकंच भरलं! मंग अवलक्षणी कोन म्हनावं?"

सगळे हसले. मावशीही हसल्या. पण हसण्याने प्रश्न सुटत नाही. हे बोट आले कोठून, हे समजले पाहिजे.

एका अक्षराचा फरक

आम्ही फळ्यावर एक शब्द लिहिला : बोट.

सर्वांनी वाचला. मग आम्ही ओल्या बोटाने त्यातला फक्त काना पुसला. वरची मात्रा तशीच ठेवली. विचारले, "आता वाचा."

मागून एक पोरगी म्हणाली, "बेट."

बोट म्हणजे हाताचे बोट. बेट म्हणजे पाण्याने वेढलेली जमीन. एक काना गेला आणि हाताचे बोट समुद्रात गेले! लिहिताना एवढीशी चूक झाली, तर अर्थ किती बदलतो, हे आपण नवीन वाचायला शिकलेल्या लोकांना चांगले ठाऊक आहे.

प्रत्येक प्राण्याच्या शरीरात असेच एक लिखाण असते. ते शाईने लिहिलेले नसते. डोळ्यांना दिसत नाही. शरीर ज्या बारीक बारीक कणांचे बनते, त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीत हे लिखाण जपून ठेवलेले असते. डोळे कसे करावे, केस कोणत्या रंगाचे करावे, बोटे कोठे उगवावी, हे सारे त्यात लिहिलेले असते. मांजराच्या लिखाणात सुमारे २५० कोटी अक्षरे असतात. माणसाच्या लिखाणात सुमारे ३०० कोटी.

पिल्लू तयार होते तेव्हा एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून. एवढे मोठे लिखाण उतरवताना कधी कधी एखादे अक्षर बदलते. कोणी मुद्दाम बदलत नाही. आपणही पोथी उतरवून काढली तर एखादी वेलांटी इकडची तिकडे होतेच की.

सहा बोटांच्या मांजरांत नेमके हेच झालेले असते. २००८ साली इंग्लंडच्या उत्तरेला असलेल्या स्कॉटलंडमधील एडिंबरो शहराच्या शास्त्रज्ञांनी अशा मांजरांचे लिखाण तपासले. अमेरिकेतील सहा बोटांच्या मांजरांत त्यांना ठरावीक जागी एकच अक्षर बदललेले सापडले. इंग्लंडकडच्या मांजरांत त्याच भागातील दुसरी अक्षरे बदललेली होती. कोट्यवधी अक्षरांत बदल एका अक्षराचा, आणि पंजाला बोट एक जास्त!

पंजा कसा घडतो

आता एक अक्षर बदलल्याने बोट कसे वाढते, ते पाहू.

आईच्या पोटात पिल्लाचा पाय आधी कोंबासारखा फुटतो. त्याचे टोक वल्ह्यासारखे चपटे असते. बोटे नंतर वेगळी होतात. या चपट्या भागाच्या करंगळीकडील कडेला काही पेशी असतात. त्या इशारा देतात. जणू मुकादम बांधावर उभा राहून सांगतो, "इथे करंगळी, तिथे मधले बोट, पलीकडे अंगठा." मुकादमापासून कोण किती जवळ, कोण किती लांब, यावर कोणते बोट व्हायचे ते ठरते.

सहा बोटांच्या मांजरात ते एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे अंगठ्याच्या बाजूलाही थोडासा इशारा दिला जातो. एका वावरात दोन मुकादम झाले! मग अंगठ्याच्या बाजूला एखादे बोट जास्त उगवते. कधी दोनही उगवतात. म्हणून अशा मांजरांचे जादा बोट बहुधा अंगठ्याकडेच दिसते, आणि बहुधा पुढच्या पायांना.

यात ग्रह नाही, नजर नाही, करणी नाही. मांजरीने काही पाप केले असेही नाही.

बोका कोण?

मावशींनी चांगला प्रश्न विचारला. "गुर्जी, मांजरीले तं अठराच बोटं हायेत. मंग पिल्लाले कोठून आलं?"

आम्ही म्हटले, "लिखाण आईकडूनही येते आणि बापाकडूनही येते. बोका कोण, हे कोणी पाहिले आहे का?"

पुन्हा हशा झाला. पण गिरणीत काम करणारा एक जण हसला नाही. तो विचारात पडला. म्हणाला, "आमच्या पिठाच्या गिरणीत एक बोका येते. त्याचे पंजे लय मोठे हायेत. मोजले नाई कधी."

दुसऱ्या दिवशी त्याने मोजले. पुढच्या पायांना सहा-सहा! तीन वर्षे तो बोका गिरणीत उंदीर मारीत होता. गिरणी काही बंद पडली नाही. उलट पोती शाबूत राहिली. बोटे मोजली नव्हती, तोवर तो गुणी बोका होता. मोजल्यावर तो अवलक्षणी कसा होईल?

मग चार पिल्लांत एकालाच सहा बोटे का? हे नाण्याच्या खेळासारखे आहे. बोक्याजवळही लिखाणाच्या दोन प्रती असतात. एकीत अक्षर बदललेले, दुसरीत बरोबर, असे असले तर प्रत्येक पिल्लाला त्यांतली एक मिळते. कोणती मिळेल, ते नाणे उडवल्यासारखे. म्हणजे प्रत्येक पिल्लाला सहा बोटे येण्याची शक्यता निम्मी. पण चार वेळा नाणे उडवले म्हणजे बरोबर दोनदा छापा पडतो, असे नाही. कधी एकदा पडतो, कधी तीनदा.

साता समुद्रापलीकडे

जगात अशी मांजरे पुष्कळ आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः बोस्टन शहराच्या बाजूला, ती फार दिसतात. पूर्वी शिडाच्या जहाजांवर धान्य असे, दोरखंड असत आणि त्यांना कुरतडणारे उंदीरही असत. म्हणून खलाशी मांजर पाळीत. सहा बोटांचे मांजर शुभ, असे कितीतरी खलाशी मानीत. रुंद पंजाचे मांजर डोलत्या जहाजावर नीट उभे राहते आणि उंदीर चांगले धरते, असे त्यांचे म्हणणे.

अमेरिकेच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. पाहा, बोट आणि बेट पुन्हा एकत्र आले! अर्नेस्ट हेमिंग्वे नावाचे मोठे लेखक १९३० नंतर काही वर्षे तेथे राहत होते. त्यांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एका जहाजाच्या कप्तानाने त्यांना सहा बोटांचे पांढरे मांजर दिले, असे सांगतात. त्यांचे घर आता लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. तेथे सुमारे साठ मांजरे आहेत आणि त्यांतील निम्म्यांच्या आसपास मांजरांना जादा बोटे आहेत. लोक तिकीट काढून ती पाहायला जातात.

आता विचार करा. तेच बोट जहाजावर शुभ आणि आमच्या गल्लीत अशुभ! खरे सांगायचे तर बोट शुभही नाही आणि अशुभही नाही. ते बोट आहे, इतकेच.

आपले गुलाबी तळे आठवा

नवल दिसले की माणूस आधी घाबरतो. यात लाज वाटण्याचे कारण नाही. जून २०२० मध्ये आपल्या लोणारच्या सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते. आठवते ना? तेव्हा किती तर्क निघाले! मग पाण्याचे नमुने शास्त्रज्ञांकडे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव त्यात सापडले. पाऊस नव्हता, ऊन कडक होते, पाणी आटून खारटपणा वाढला होता. त्यामुळे हे जीव फार वाढले आणि त्यांच्या गुलाबी रंगाने पाणी गुलाबी दिसले.

तळ्याचे कारण सापडले तसेच पंजाचेही सापडले आहे. आपण लवणासुराची कथा प्रेमाने सांगतो, दैत्यसूदनाच्या देवळात हात जोडतो. ते जरूर करावे. पण नवल दिसले तर कारणही शोधावे.

मागच्या ओळीतला हात

इतके बोलणे झाले आणि मागच्या ओळीतली एक सूनबाई उठली. ती कधी फारशी बोलत नाही. एक हात नेहमी पदराखाली ठेवते. आम्हांला वाटे, थंडी वाजत असेल. त्या दिवशी तिने हात बाहेर काढला. करंगळीच्या बाजूला आणखी एक लहान बोट होते.

ती म्हणाली, "गुर्जी, मले बी सहा बोटं हायेत. माह्या दोन महिन्यांच्या लेकराले बी हाय. घरचे म्हन्तात, तू ग्रहनात विळी हाती धरली म्हणून झालं. आता म्हन्तात, दोरा आवळून बांधू, म्हंजे बोट गळून पडन."

वर्ग एकदम शांत झाला. पिल्लाची गोष्ट आता पिल्लाची राहिली नाही.

आम्ही तिला सांगितले, "बाई, तुमचा काही दोष नाही. तुमच्या हातावर हे बोट तुमच्या जन्माच्या दिवशीच होते. तेव्हा तुम्ही विळी धरली होती का? हे लिखाणातले अक्षर आहे. ते आईकडून येते, बापाकडूनही येते, आणि कधी कोणाकडून न येता नवेच बदलते. ग्रहण म्हणजे सावली. सावलीने बोट उगवत नाही."

माणसात ही गोष्ट दुर्मिळ नाही. हजार मुले जन्मली तर त्यांत एक-दोन मुलांना जादा बोट असू शकते. माणसात ते बहुधा करंगळीकडे असते. बहुतेक मुले इतर सर्व बाबतींत धडधाकट असतात.

हिंदी सिनेमातील नट हृतिक रोशन यांच्या उजव्या हाताला दोन अंगठे आहेत. बंगालमधील जलपायगुडीची स्वप्ना बर्मन हिच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटे आहेत. घरची गरिबी. वडील सायकलरिक्षा ओढीत. तिला मापाचे बूट मिळत नसत, आणि साध्या बुटात पाय दुखत. तरी ती धावली. ऑगस्ट २०१८ मध्ये जकार्ता येथील आशियाई खेळांत सात खेळांच्या हेप्टाथलॉन स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धेत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. पुढे तिच्या पायाच्या मापाचे खास बूट बनवण्यात आले. पाय बदलावा लागला नाही, बूट बदलावा लागला.

दोरा बांधू नका

लेकराच्या जादा बोटाला दोरा किंवा केस आवळून बांधू नये. घरी ब्लेडने कापू नये. त्या बोटात रक्ताची नळी असते. कधी हाडही असते. दोऱ्याने ते कुजते, पू होतो, रक्त वाहते, धनुर्वाताचे भय असते. एका बोटापायी हात किंवा जीव गमावण्याची वेळ येते.

मग काय करावे? आशाताईला सांगावे. लेकराला सरकारी दवाखान्यात न्यावे. डॉक्टर बोटाचा फोटो काढून आत हाड आहे का ते पाहतात. जादा बोटाबरोबर क्वचित दुसरा एखादा दोषही असतो, म्हणून ते सर्व शरीर तपासतात. बोटाचा त्रास नसेल तर ते राहू द्यावे. काढायचे ठरले तर लेकरू थोडे मोठे झाल्यावर डॉक्टर नीट शस्त्रक्रिया करून काढतात. घाई नसते.

पिल्लाची काळजी

सहा बोटांच्या मांजराला वेगळे काही लागत नाही. फक्त नखांकडे लक्ष ठेवावे. जादा बोट जमिनीला टेकत नसेल, तर त्याचे नख झिजत नाही. ते वाढून वाकते आणि पंजात रुतते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पाहावे आणि नखाचे टोक तेवढे कापावे. आतल्या गुलाबी भागाला लावू नये, तेथे रक्त असते. पिल्लू लंगडत असेल, किंवा पुढचे पाय आखूड व वाकडे असतील, तर जनावरांच्या डॉक्टरला दाखवावे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० सालचा कायदा आहे. पाळलेले जनावर भुकेने-तहानेने तडफडेल अशा जागी सोडून देणे हा गुन्हा आहे. पोत्यात घालून वेशीबाहेर सोडणे म्हणजे हेच. सोन्याच्या मांजराची भीती बाळगायची आणि जित्या मांजराला उपाशी मारायचे, यात पुण्य कोठले?

दुसरी गोष्ट. आगळे जनावर दिसले की भोंदू माणूस दारात येतो. मांडूळ सापाची शेपटी बोथट असते, म्हणून त्याला दोन तोंडे आहेत असे सांगून लोकांनी कितीतरी जणांना फसवले. गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. असा माणूस आला तर पोलिसांना कळवावे.

पुढे काय झाले

त्या रात्री मावशींनी पाटी घेतली. आजवर त्या फळ्यावरचेच उतरवून घेत. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली. अक्षरे वाकडी होती, पण वाचता येत होती :

"पिलू घरी राहील."

त्यात एक ल कमी होता. आम्ही तो दुरुस्त केला नाही. एका अक्षराने त्या ओळीचे काही बिघडले नव्हते.

सूनबाई आठ दिवसांनी लेकराला घेऊन दवाखान्यात गेली. सासूबाईही बरोबर गेल्या. डॉक्टरांनी सांगितले, लेकरू चांगले आहे, बोटाचे पुढे पाहू. दोरा कोणी बांधला नाही. आता ती वर्गात दोन्ही हात पाटीवर ठेवून बसते.

विचारा आणि लिहा

१. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या मांजराची बोटे मोजा. किती भरली?

२. आईमांजरीला अठरा बोटे असून पिल्लाला वीस कशी आली?

३. जादा बोटाला दोरा का बांधू नये?

४. एक काना, मात्रा किंवा वेलांटी बदलली की अर्थ बदलतो, असे पाच शब्द लिहा.

५. ज्या गोष्टीला लोक अशुभ म्हणत, पण जिचे खरे कारण पुढे कळले, अशी एक गोष्ट वर्गात सांगा.